खोली पाहून घडवलेली माती

नागपुरात अलीकडे उभ्या राहिलेल्या एखाद्या इमारतीची भिंत फोडली, तर आत लाल वीट निघेलच असं नाही. बहुधा राखेची वीट निघेल. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जळून उरलेली राख सिमेंट किंवा चुन्यात मिसळून, दाबून, पाणी मारून पक्की केलेली. नाहीतर हलका, सच्छिद्र एएसी ब्लॉक निघेल. दोन्ही भट्टीत भाजलेले नसतात. महाल-इतवारीतल्या जुन्या घरात मात्र भाजलेली माती जिथेतिथे सापडते. भिंतीत वीट, माथ्यावर कवेलू, न्हाणीत चिनी मातीच्या टाइल, दारातल्या विजेच्या खांबावर पोर्सेलिनचे इन्सुलेटर. रामटेकच्या वाटेवर मनसरला गेलात, तर टेकडीवर उत्खननात उघडी पडलेली वाकाटककालीन बांधकामं दिसतात. साधारण पाचव्या शतकातल्या, आजच्या विटेहून बऱ्याच मोठ्या विटांची ती थरावर थर रचलेली कामं आहेत. म्हणजे आपल्या भागात मातीनं इमारतीचा भार निदान दीड हजार वर्षं वाहिलेला आहे.

आता ती भिंतीतून हळूहळू बाहेर पडते आहे, आणि गेल्या काही दशकांत दुसऱ्याच दारानं आत येते आहे. जगभरातले सिरॅमिकचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, अनेक कलावंत टेबलावर ठेवण्याजोगी वस्तू घडवण्याऐवजी एखाद्या ठरावीक खोलीसाठी, जिन्यासाठी, घुमटासाठी किंवा अंगणासाठी काम करू लागले आहेत. कलेच्या भाषेत याला ‘वास्तूला प्रतिसाद देणारं शिल्प’ असं काहीसं जड नाव देतात. त्याचा व्यवहारातला अर्थ काय आणि हे काम इतकं अवघड का असतं, ते इथे जरा उलगडून पाहू.

आधी प्रतिसाद म्हणजे काय ते बघू. अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘फील्ड’ नावाचं काम उदाहरण म्हणून फार उपयोगी पडतं. 1993 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावात, तिथल्या शंभरेक लोकांना हाताशी घेऊन त्यानं मातीच्या सुमारे 40,000 लहान आकृत्या घडवून घेतल्या. प्रत्येक आकृती मुठीत मावणाऱ्या गोळ्यापासून उभी केलेली. हातपाय नाहीत, फक्त डोळ्यांच्या जागी दोन भोकं. त्याआधीची एक आवृत्ती त्यानं मेक्सिकोतल्या वीट पाडणाऱ्या एका कुटुंबाबरोबर केली होती. या आकृत्या खोलीत मांडताना जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून टाकतात, पाऊल ठेवायलाही जागा उरत नाही. बघणाऱ्याला दाराच्या उंबऱ्यावरच थांबावं लागतं, आणि आतले हजारो डोळे त्याच्याकडे बघत असतात.

इथे खोली काय करते ते लक्षात घ्या. आकृत्या तशा कुठेही नेता येतात आणि त्या अनेक शहरांत गेल्याही आहेत. पण कामाचा आकार दर वेळी नव्या खोलीचा असतो. खोली लांबट असली की काम लांबट होतं. मधे खांब आला की आकृत्या त्याला वळसा घालतात. दार, जे एरवी नुसतं आत जाण्यासाठी असतं, तेच इथे बघण्याची एकमेव जागा बनतं. प्रेक्षकानं कुठे थांबायचं हेसुद्धा शिल्पच ठरवतं.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सगळ्यात वरच्या मजल्यावर सिरॅमिकची दालनं आहेत. 2009 मध्ये ती नव्यानं उघडली, तेव्हा एडमंड द वाल या ब्रिटिश सिरॅमिक कलावंतानं तिथल्या घुमटाखाली, माणसाच्या आवाक्याबाहेर, घुमटाच्या कडेनं वर्तुळाकार जाणारी लाल धातूची फळी बसवली आणि तिच्यावर पोर्सेलिनची 425 भांडी मांडली. संग्रहालयाच्या प्रवेशदालनात उभं राहून मान वर केली, तर छताच्या गोल उघडीतून त्या फळीचा भाग दिसतो. भांडी हातात धरण्यासाठी असतात, निदान जवळून न्याहाळण्यासाठी तरी असतात. त्यानं ती अशा उंचीवर नेली की कडा पुसट व्हाव्यात आणि गोलाईचीच तेवढी जाणीव उरावी. घुमट नसता तर तीच 425 भांडी म्हणजे फार तर एक चांगलं कपाट झालं असतं.

माझ्यापुरती एक कसोटी मी ठरवून घेतली आहे. काम मनातल्या मनात उचलून शेजारच्या इमारतीत ठेवून बघायचं. काहीच बिघडलं नाही तर ते सजावट. सजावट वाईट असते असं अजिबात नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे. हॉटेलांच्या लॉबीत, इस्पितळांच्या स्वागतकक्षात मोर, झाडं, वारली नाच असलेली जी सिरॅमिक म्युरल्स दिसतात, त्यातली बरीचशी या कसोटीवर टिकत नाहीत. भिंत रिकामी होती, ती भरली, काम संपलं.

मात्र ‘हे तर नेहमीचंच दिसतंय’ म्हणून कुणी एखादं काम झटकून टाकलं, तर तेही मला पटत नाही. मातीकामाच्या एका प्रदर्शनात अर्धगोल तुकड्यांची लांबलचक मांडणी होती. शेजारचे एक काका बराच वेळ बघून मला म्हणाले, “हे तर आपले कवेलूच होय न जी?” होयच. आणि त्यात कमीपणा काहीच नाही. देशी कवेलू मुळात चाकावर घडतं. कुंभार एका बाजूला किंचित निमुळती नळी ओढतो आणि ओली असतानाच ती उभी चिरून दोन करतो. एक उताणं, एक पालथं, असं रचत गेलं की छप्पर झालं. म्हणजे चाकावरचं भांडं अर्धं कापून त्याचीच इमारत करण्याची युक्ती गावोगावच्या कुंभारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर साच्यातली चपटी कौलं आली. त्यांना आपल्याकडे अजूनही कुणी कुणी ‘इंग्रजी कवेलू’ म्हणतं. आज एखादी कलावंत शेकडो सारख्या तुकड्यांतून भिंतभर लाट उभी करते, तेव्हा ती त्या जुन्या हिशोबाशीच खेळत असते. लहान तुकडा, अनेकदा, उतार बघून.

तुकडेच का, हा खरा प्रश्न. दगडाचं किंवा धातूचं शिल्प अखंड आणि अवाढव्य करता येतं, मग मातीचं का नाही? याचं उत्तर नागपूरच्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, उभं राहून नीट समजतं. तिथे गणपतीच्या दिवसांत दहा-बारा फुटी मूर्ती होतात. आत बांबूचा सांगाडा असतो, त्यावर तणस बांधलेलं असतं आणि वरून माती. ही मूर्ती भाजायची नसते, म्हणून आत काय आहे याची फिकीर नसते. वाळली, रंगवली, विसर्जनाला पाण्यात गेली की पुन्हा चिखल. सिरॅमिकच्या शिल्पात हा सांगाडा चालत नाही. माती वाळताना आकसते, बांबू आकसत नाही, म्हणून ती त्याच्यावरच तडकते. तडकली नाही तरी भट्टीत बांबू-तणस जळून जातं आणि आधारच नाहीसा होतो. लोखंडी सळी घातली तर तीही नको तितकी फुगून आतून फोडते. म्हणून भाजायचं शिल्प आतून पोकळ ठेवतात, भिंती शक्यतो सारख्या जाडीच्या राखतात, आणि आधार द्यायचा तर तोही मातीच्याच आडव्या-उभ्या पडद्यांचा देतात. घराला आतून खोल्या पाडाव्यात तसलाच हा प्रकार. मोठ्या सिरॅमिक शिल्पाचं पोट उघडून बघितलं, तर ते बरंचसं बांधकामच असतं.

त्यानंतर भाजणं. मातीतलं उघड पाणी शंभर अंशांच्या आसपास निघून जातं. ते पुरतं निघायच्या आत आच वाढवली तर वाफ होऊन तुकडा फुटतो. पण मातीच्या कणांच्या रचनेतच अडकलेलं पाणी असतं, ते साधारण 500 ते 600 अंशांदरम्यान सुटतं. शुद्ध केओलिन, म्हणजे चिनी माती, भाजताना तिच्या वजनातला जवळपास 14 टक्के भाग असा उडून जातो. एकदा तो गेला की ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. त्याच टापूत, 573 अंशांवर, मातीतल्या क्वार्ट्‌झचे कण एकदम थोडे फुगतात आणि थंड होताना त्याच ठिकाणी पुन्हा आकसतात. घाईनं उघडलेल्या भट्टीत जे तडे ऐकू येतात त्यातले बरेच या आकड्यापाशी पडलेले असतात. टेराकोटा, म्हणजे साधी लाल भाजकी माती, हजार अंशांच्या आसपास थांबतो, दगडासारखं घट्ट भाजलं जाणारं स्टोनवेअर 1200 ते 1300 पर्यंत जातं आणि चिनी मातीचं पांढरं पोर्सेलिन आणखी वर.

या सगळ्यात माती आकसत जाते. विटेची माती साधारण 6 ते 8 टक्के, स्टोनवेअर 12 टक्क्यांच्या आसपास, पोर्सेलिन कधी कधी 15. आता समजा, एका दाराभोवती स्टोनवेअरची चौकट बसवायची आहे आणि दार 210 सेंटीमीटर उंच आहे. भाजून 210 भरायची तर ओली चौकट सुमारे 239 सेंटीमीटरची घडवावी लागेल. माती 12 ऐवजी 13 टक्के आकसली, आणि असं अगदी सहज होतं, तर चौकट दोन सेंटीमीटरहून जास्त आखूड पडणार. सुतार रंधा मारून फळी बसवतो, भाजलेल्या मातीला रंधा नाही. म्हणून अनुभवी माणसं आधी त्याच मातीच्या पट्ट्या करून, त्याच भट्टीत भाजून आकसण्याचं प्रमाण काढतात आणि तरीही सांध्यांमध्ये मोकळीक ठेवतात. वास्तूशी बोलायचं म्हणजे सुरुवातीला तरी टेपनं बोलायचं असतं.

आणि सगळ्यात मोठा मालक म्हणजे भट्टीचं तोंड. त्यातून जे आत जाईल तेवढाच तुकडा. जुन काणेको या जपानी-अमेरिकी कलावंतानं यावर वेगळा तोडगा काढला. त्यानं कारखान्यांच्या भट्ट्या गाठल्या. 1980च्या दशकात ओमाहा शहरातल्या एका वीट कारखान्यात, नंतर सांडपाण्याचे भाजलेले नळ करणाऱ्या कारखान्यांत. तिथल्या भट्ट्या एवढ्या मोठ्या की माणूस सरळ चालत आत जाईल. अशा भट्टीत त्यानं माणसापेक्षा कितीतरी उंच, टनांनी वजन असलेल्या गोलसर आकृत्या अखंड भाजल्या. त्या नुसत्या वाळायलाच कित्येक महिने लागत. पण असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बाकीचे तुकडे पाडतात, आणि मग शिल्पाचं निम्मं मर्म सांध्यात जातं. सांधा कुठे यावा, तो लपवावा की दिसू द्यावा, त्याची रेघ मागच्या भिंतीतल्या खिडकीच्या रेघेशी जुळावी की मुद्दाम मोडावी. चित्रकार-शिल्पकार के. जी. सुब्रमण्यन यांनी 1963 मध्ये लखनौच्या रवींद्रालयाच्या दर्शनी भिंतीवर टेराकोटाचं प्रचंड म्युरल केलं. त्यात हजारो सुटे तुकडे आहेत आणि सांधे बिनदिक्कत दिसतात. तिथे चित्र आधी काढून मग त्याच्या फरशा कापलेल्या नाहीत. तुकड्यांचीच लय धरून आकृत्या घडल्या आहेत. आपल्याकडच्या म्युरल करणाऱ्यांनी हे एक काम प्रत्यक्ष जाऊन बघावं, असं मला फार वाटतं.

शिल्प आणि इमारत यांच्यातली रेघच पुसून टाकणारा प्रयोग भारतात झाला, आणि त्याची माहिती आपल्याकडे कमी जणांना आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आजचे कितीतरी भारतीय सिरॅमिक कलावंत तिथे शिकून गेलेले आहेत. मीकर मूळचा अमेरिकी, शिकताना वास्तुकलेच्या वाटेनं मातीत आलेला. इराणी वास्तुविशारद नादर खलिली यानं 1970च्या दशकात मातीची घरं जागच्या जागी भाजण्याचे प्रयोग केले होते. मीकरनं ती कल्पना तामिळनाडूच्या मातीत उतरवली. कच्च्या विटा, मातीचाच गारा, छत म्हणून कमानी आणि घुमट, लोखंड-सिमेंट जवळपास नाहीच. घर उभं राहिलं की आत आणखी कच्च्या विटा, टाइल अशा वस्तू खच्चून भरायच्या, दारं-खिडक्या बुजवून आचेपुरती तोंडं ठेवायची आणि घरालाच आग लावायची. काही दिवसांनी घर थंड झालं की आतला माल काढून विकायचा. त्यातून सरपणाचा खर्च काही अंशी निघतो, आणि मागे एक अखंड भाजलेलं घर उरतं. भट्टी आणि भांडं एकच.

हिशोबाच्या दृष्टीनं हे स्वस्त घरांचं उत्तर ठरलं नाही. सरपण महाग, आच सगळीकडे सारखी पोचवणं कठीण, बाहेरची बाजू कमी भाजली जाते ती वेगळीच. पुढे मीकरनं मोठ्या शिल्पांकडे मोर्चा वळवला. त्या शिल्पांमध्ये कमानी, खांब, भग्न भिंती पुन्हा पुन्हा येतात. ज्यानं घर आतून पेटवलेलं आहे, त्याच्या शिल्पातली कमान नुसती आकार म्हणून आलेली नसते हे ओळखू येतं.

भिंतीबद्दल इतकं बोललो, जमिनीबद्दल थोडंसं. क्लेअर टूमी या ब्रिटिश कलावंत स्त्रीनं पोकळ, पातळ बोन चायनाच्या फरशा अंथरून अशी जमीन केली की चालणाऱ्याच्या पायाखाली ती मोडत जाई. पुढे जायचं तर मोडावंच लागे. आय वेवे या चिनी कलावंतानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या भल्यामोठ्या टर्बाइन हॉलमध्ये पोर्सेलिनच्या सुमारे 10 कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या. चीनमधल्या जिंगडेझेन गावच्या कारागिरांनी त्या हातानं रंगवल्या होत्या. लोकांनी त्यावर चालावं, लोळावं अशी योजना होती. काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं, कारण बिया घासून उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक होती. मोकळ्या मैदानात ती धूळ वाऱ्यानं गेली असती, बंद दालनात साचली. इमारतसुद्धा उत्तर देते, आणि ते उत्तर नेहमी कलावंताच्या मनासारखं असतंच असं नाही.

आता नागपूर. इथे कुणी हे काम करायचं म्हटलं, तर कशाशी गाठ पडेल?

पहिली गाठ पायाखालच्या मातीशी. आपली काळी कापसाची जमीन कापसाला उत्तम, कुंभाराला त्रासदायक. तिच्यातले कण पाणी पिऊन भरपूर फुगतात आणि वाळताना तितकेच आकसतात, म्हणून उन्हाळ्यात शेताला हात जाईल अशा भेगा पडतात. तिचा तुकडा वाळतानाच फाटणार. त्यामुळे कुंभार तळ्यातला, नदीकाठचा गाळ शोधतो आणि त्यात राख, घोड्याची लीद मिसळतो. लीद भट्टीत जळून बारीक छिद्रं उरतात, माठातलं पाणी गार राहतं ते त्या छिद्रांतून पाझरून उडणाऱ्या ओलीमुळे. शिल्पकाराला छिद्रं नको असतील तर तो बारीक दळलेली, आधीच भाजलेली माती मिसळतो. ती पुन्हा आकसत नाही, म्हणून तडे आवरते. उच्च तापमानाच्या मातीसाठी लांब जावं लागत नाही. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात अग्निमाती मिळते. भद्रावतीचा ग्रामोदय संघ कित्येक दशकं मातीकाम करतो आणि शिकवतो. भंडारा जिल्ह्यातलं कायनाइट-सिलिमनाइट तर भट्टीच्या विटा आणि फळ्या टिकाऊ करण्यासाठीच वापरतात. शिवाय मनसरच्या परिसरात मँगनीजच्या खाणी आहेत. ग्लेझमध्ये, म्हणजे भाजलेल्या मातीवरच्या काचेसारख्या थरात, मँगनीज तपकिरीपासून जांभळट काळ्यापर्यंतच्या छटा देतं. त्याचा धूर मात्र विषारी असतो, तेव्हा भट्टीजवळ नाक घालून उभं राहू नये. वाकाटकांच्या विटा आणि ग्लेझचा रंग एकाच गावाच्या नावावर असावेत, हा योगायोग मला भारी आवडतो.

दुसरी गाठ हवेशी. मे महिन्यात इथे ओली टाइल पंख्याखालीसुद्धा ठेवायची सोय नाही. वरची बाजू भराभर वाळते, खालची ओली राहते, आणि कडा उन्हातल्या पापडासारख्या वर येतात. मोठं काम करणारे लोक ओलं गोणपाट, प्लॅस्टिक झाकून आठवडेच्या आठवडे सावकाश वाळवतात, किंवा सरळ पावसाळा-हिवाळ्यात घडवतात. काम भिंतीवर गेल्यानंतरही उष्णता पिच्छा सोडत नाही. पश्चिमेची, उन्हात तापणारी दहा मीटर लांब काँक्रीटची भिंत घ्या. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत तिच्या पृष्ठभागाच्या तापमानात 50 अंशांचा फरक पडतो असं समजू. काँक्रीट तेवढ्यात साधारण 5 मिलिमीटर लांबतं, भाजलेली माती सुमारे 3. हा दोन मिलिमीटरचा बेबनाव दर वर्षी, वर्षानुवर्षं चालतो. सांधे सिमेंटनं गच्च भरले असतील तर टाइल एक दिवस फुगून सुटते. जागोजागी लवचीक सांधा सोडला तर निभतं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. युरोपात टेराकोटात शिरलेलं पाणी थंडीत गोठून त्याला फोडतं, नागपुरात तसा बर्फ पडत नाही. आपला शत्रू लोणा. ओलीबरोबर वर चढणारे क्षार पृष्ठभागाशी येऊन साकळतात आणि पापुद्रे काढतात. म्हणून उघड्यावरचं काम जमिनीला टेकवू नये.

तिसरी गाठ वजनाशी. तीन सेंटीमीटर जाडीचं भाजलेलं काम चौरस मीटरला साधारण 60 किलो भरतं. तीन बाय चार मीटरचा पट म्हणजे 700 किलोंच्या वर. जुन्या विटेच्या भिंतीत खिळा-बोल्ट धरतो. एएसी ब्लॉकमध्ये साधा प्लग ढिला पडतो, तेव्हा लोखंडी सांगाडा करून भार तुळई-खांबांवर न्यावा लागतो. इथे शिल्पकाराला इमारतीचा आराखडा वाचता यायला हवा, निदान वाचणाऱ्याशी भांडता यायला हवं.

आणि उजेड. मला स्वतःला सगळ्यात रस इथे वाटतो. नागपूर 21 अक्षांशाच्या जरा वर आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीतून पाच सेंटीमीटर बाहेर आलेला तुकडा डिसेंबरच्या भर दुपारी जवळपास पाचच सेंटीमीटर सावली पाडतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली तेरा सेंटीमीटरपर्यंत उतरते. मेच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा ती भिंतभर खाली घसरते. जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या भिंतीवर मध्यान्हीला ऊनच नसतं. म्हणजे रंग न बदलता, काही न हलवता, एकच उठावशिल्प वर्षभरात चार वेगळी कामं होऊ शकतं. हे आधीच मोजून तुकड्यांची उंची ठरवता येते. चकचकीत ग्लेझ लावलं तर हा सगळा खेळ आरशासारख्या चमकेत हरवतो, आणि आतल्या भिंतीवर असेल तर त्यात ट्यूबलाइटच्या पांढऱ्या रेघा दिसत राहतात. उठावाच्या कामाला मंद, मॅट पृष्ठभागच बरा. हे माझं मत झालं, झळाळीचे चाहते भरपूर आहेत.

शहरातल्या जागा डोळ्यांपुढे आणल्या की शक्यता बऱ्याच दिसतात. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. पारंपरिक स्तूप भरीव, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. इथे माणसं आत येऊन घुमटाखाली उभी राहतात. त्या जागेत काही भर घालावी असं मी म्हणणार नाही, तिची शांतता पुरेशी आहे. पण भरीव आणि पोकळ यांच्यातला तो फरक समजून घ्यायचा असेल, तर पोकळ घडण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही अशा माध्यमात काम करणाऱ्यानं तिथे अर्धा दिवस बसावं. ब्रिटिश वास्तुविशारद हेन्री मेड यांनी उभारलेली, 1940 साली पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची वालुकाश्माची इमारत म्हणजे दगडाचा तोल. तिच्यासमोर माती लहानच दिसेल. मेट्रोची स्थानकं मला जास्त योग्य वाटतात. माणसं तिथे चालत्या पावलांनी बघतात, सरकत्या जिन्यावर उभी राहून तिरक्या कोनातून बघतात. समोरून एका जागी उभं राहून बघायचं चित्र तिथे वाया जातं, जाता जाता बदलत जाणारा उठाव कामी येतो.

असं सगळं एकत्र कसं दिसतं ते बघायचं झालं, तर भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकी या मोठ्या प्रदर्शनाचं उदाहरण आहे. तिची पहिली आवृत्ती 2018 मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरली, दुसरी 2024 मध्ये दिल्लीत. जवाहर कला केंद्र वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी जयपूर शहराच्या नऊ चौकटींच्या आखणीवरून रचलेलं. तशा इमारतीत कोरा पांढरा कोनाडा मिळत नाही. अंगण, पायऱ्या, उघडं आकाश, रंगीत भिंती यांच्याशी जुळवून घेणं कामाला भागच पडतं.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा कलावंताला बोलावतात ते इमारत पूर्ण झाल्यावर, उद्घाटनाच्या दीड-दोन महिने आधी. तोवर वायरिंग झालेलं असतं, अग्निशमनाचा लाल पाइप भिंतीच्या मधोमध गेलेला असतो, आणि दीड महिन्यात तर मोठं काम वाळतही नाही. आराखडा कागदावर असतानाच बोलावलं, तर भिंतीत दहा सेंटीमीटरची खाच ठेवता येते, तुळईतून लोखंडी कान काढून ठेवता येतात, पाइप दोन फूट सरकवता येतो. याला पैसेही फार लागत नाहीत.

करार करताना आणखी एक कलम घालून घ्यावं. ग्लेझचा एक घाणा दुसऱ्याशी कधी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पाच वर्षांनी एखादा तुकडा फुटला तर तसाच नवा होणं जवळपास अशक्य. म्हणून सुरुवातीलाच दहा टक्के जादा तुकडे त्याच भट्टीत भाजून घ्यायचे, प्रत्येकाच्या पाठीवर ओल्या मातीतच क्रमांक कोरायचा, आणि ते तुकडे इमारतीतल्या कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटात ठेवले आहेत हे देखभाल करणाऱ्यांच्या नोंदवहीत लिहून ठेवायचं. नाहीतर पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी ते मलब्याबरोबर ट्रकमध्ये जातात.